पडद्यावर 'चाचणी' लिहिलं होतं

"माझा पाण्याचा प्लांट बंद पडलाय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

डायलिसिस सेंटरच्या सिस्टरांचा फोन होता. त्या कधी आवाज चढवत नाहीत. दिवसभर माणसांच्या दंडात सुया घालायच्या तर आवाज खालीच ठेवावा लागतो, असं त्या म्हणतात. आज मात्र मी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"कुठला प्लांट, सिस्टर?"

"मला विचारताय? तुमच्याकडूनच मेसेज आलाय. 'पाण्याचा प्लांट बंद असल्याने आज दुपारचे डायलिसिस होणार नाही. कृपया परवा यावे.' दुपारच्या सगळ्या पेशंटना गेलाय. प्लांट माझ्या मागं गुरगुरतोय, ऐकवू का?"

ते वाक्य माझं होतं. 'कृपया'सुद्धा माझंच. नुकतंच मी ते टाइप केलं होतं, पण चाचणीसाठी.

आमचं ऑफिस म्हणजे सायकलींच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कंपनी माझ्या धाकट्या दिरांची. दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहायचे, पेशंटना वेळा कळवायच्या, असली कामं. मी त्यात आले ती मागच्या दारानं. लेक शिकायला बाहेरगावी गेली, तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला, आणि मी भाजी शिजेपर्यंत त्याच्याशी खटपट करत करत शिकले. भावजी म्हणाले, वहिनी, चुका काढायचा तुमचा हात चांगला आहे, चाचणीचं काम बघा. चुका काढायची सवय मला लग्नानंतर लागली होती, ती अशी पगारी झाली.

चाचणीचा आमच्याकडे एक नियम आहे आणि तो भावजींनीच केलाय. मजकूर खराखुरा हवा. पूर्वी मी नुसतं 'अ अ अ' पाठवायचे. मग एकदा खरा लांब मेसेज मधेच तुटला आणि 'उपाशीपोटी यावे' यातलं 'उपाशीपोटी' गेलं. तेव्हापासून सेंटर जसं लिहील तसंच लिहायचं. म्हणून मी प्लांट बंद पाडला.

आणि मी काही डोळे मिटून बटण दाबलं नव्हतं. आमची सगळी कामं एका टास्क रनरकडून होतात. एक फाईल असते, तिच्यात प्रत्येक कामाला नाव आणि त्या नावाखाली काय काय करायचं ते. आपण नाव टाइप करायचं, पुढचं तो करतो. मेसेज पाठवायचं काम सांगितलं, की तो आधी पडद्यावर लिहितो: 'ठिकाण: चाचणी. पाठवू का?' चाचणी असेल तर मेसेज आमच्याच टेबलावरच्या दोन जुन्या फोनवर येतो. खरं असेल तर पेशंटांकडे जातो. मी वाचलं, चाचणी. मी म्हटलं, हो. टेबलावरचे फोन गप्प राहिले तेव्हा मला वाटलं, रेंज नाही. मी चहा टाकायला उठले.

भावजी आतल्या खोलीतून आले. मी एका दमात सांगितलं.

"वहिनी, तुम्ही खऱ्यावर पाठवलंत?" त्यांचा पहिला प्रश्न हा.

"पडद्यावर बघा. अजून तसाच आहे. काय लिहिलंय?"

त्यांनी वाचलं. मग वाकून माझ्याच पडद्यावरच्या खिडकीत काहीतरी टाइप केलं आणि ओठ चावले.

"हं. एन्व्हायर्न्मेंटमध्ये 'खरं' आहे."

"मग पडद्यावर 'चाचणी' कुठून आलं?"

"ते टेम्प्लेटचं व्हेरिएबल आहे."

आता, सिस्टर तिकडे फोनवर एकेकाला गाठतायत, मला इकडे घाम फुटलाय, आणि हे गृहस्थ खुर्ची ओढून समजावायला बसले. समजावायला लागले की त्यांचा आवाज गोड होतो. तो गोडवा मला कधीच सोसला नाही.

त्यांचं म्हणणं असं. फाईलमध्ये महिरपी कंसात जे नाव असतं ते टास्क रनर स्वतः भरतो, काम सुरू व्हायच्या आधीच. फाईलमध्ये वर 'ठिकाण म्हणजे चाचणी' असं लिहिलंय ना, तेच शब्द तो उचलतो आणि कंसाच्या जागी चिकटवतो. झालं टेम्प्लेट. पण मेसेज पाठवणारा प्रोग्राम फाईल वाचतच नाही. तो चालू झाला की ज्या खिडकीतून चालवला त्या खिडकीला विचारतो, बाई गं, ठिकाण काय? ते एन्व्हायर्न्मेंट. खिडकी उघडली की तिथेही आपोआप 'चाचणी'च असतं. कोणी हातानं बदललं तरच वेगळं.

"म्हणजे मला विचारणारा एक आणि पाठवणारा दुसरा," मी म्हटलं. "दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही."

"तसं नाही, वहिनी. नाव एकच आहे, पण..."

"माझ्या खिडकीत हातानं कोणी बदललं?"

"सकाळी माझं मशीन अपडेट होत होतं. एका पेशंटला मेसेज मिळत नाही अशी तक्रार होती, ती खऱ्यावर जाऊन बघायला लागली. तुमच्या मशीनवर. ते तसंच राहून गेलं."

आमच्याकडे उघडी खिडकी कोणी बंद करत नाही. आतलं काम हरवतं म्हणून दुसऱ्याच्या खिडकीला हात लावायचा नाही, अशी पद्धत. सून जशी सासूच्या डब्यांची जागा बदलत नाही, तशी. मी सकाळी आले, खिडकी उघडी दिसली, माझीच कालची असेल असं धरून तिच्यातच काम सुरू केलं.

"राहून गेलं," मी म्हटलं.

"पण रन तुम्ही केलंत ना? रन करण्याआधी एन्व्हायर्न्मेंट बघून घ्यायची असते. बेसिक आहे, वहिनी."

बेसिक! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या मऊ आवाजात कधी ऐकल्या नव्हत्या. माझे कान तापले. "भावजी, दारावर 'स्वयंपाकघर' अशी पाटी तुम्ही लावायची, आत विहीर तुम्ही खणायची, आणि मी पडले की म्हणायचं, आधी काठी टेकून बघायची असते?"

"रागावू नका हो."

"मी रागावलेली नाही," मी ओरडले. खाली सायकलवाल्याची ठोकाठोक थांबली.

मी म्हटलं, ताबडतोब दुसरा मेसेज पाठवू, 'दुपारी या'. ते म्हणाले, आधी फाईल दुरुस्त करू दे, घाईत पुन्हा चुकला तर? यात तथ्य होतं, ते मला आणखी झोंबलं. तेवढ्यात त्यांनी मजकूर सुरूसुद्धा केला होता: 'काही तांत्रिक कारणास्तव...'

मी फोन उचलला. सिस्टरांनी आणि मी पेशंट वाटून घेतले. एक आजी म्हणाल्या, देवानं माझं ऐकलं होतं, तू कोण मधे आलीस? एकाच्या मुलानं मला अशा शिव्या दिल्या, की त्यातल्या दोन मला नवीन होत्या. मी सगळ्या घेतल्या आणि शेवटी 'दुपारी आणा त्यांना' एवढंच म्हणत राहिले. सगळे आले वाटेवर. एक सोडून.

"शिंपीकाका," सिस्टर म्हणाल्या. "फोन बंद. गेल्या खेपेलाही आले नव्हते. आज ते मशीनवर आलेच पाहिजेत. पोटॅशियम वाढलं तर या माणसाचं हृदय बसल्या जागी थांबेल, कळतंय का तुम्हाला? परवाचं काही खरं नाही. आणि मी इथलं सोडून येऊ शकत नाही."

मी पत्ता घेतला, चपला घातल्या. भावजी फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "जाताय? बरं होईल."

टॅक्सीत बसले तर आमच्या ह्यांचा फोन.

"अगं, धाकटा म्हणाला तुझ्या हातून काहीतरी झालंय. घाबरू नकोस हं. होतं असं नवीन माणसाकडून."

बघा! फाईल दुरुस्त व्हायच्या आधी बातमी घरी पोचली होती. हे मेसेज बरोबर जातात यांचे, ते कुठं अडकत नाहीत. मी ह्यांना म्हटलं, "माझ्या हातून अजून काही झालेलं नाही. पण संध्याकाळपर्यंत नक्की होणार आहे," आणि फोन ठेवला. टॅक्सीवाल्यानं आरसा नीट केला आणि वेग वाढवला.

शिंपीकाकांचं घर पहिल्या मजल्यावर, एकच मोठी खोली. दार उघडंच होतं. खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्यावर गडद निळ्या कोटाची एक बाही, आणि मशीनमागे काका. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली सूज, पण अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि ओठांवर शीळ. हातात अर्धं केळं.

मी 'नमस्कार' म्हणण्याऐवजी ते केळं हिसकावून घेतलं. डायलिसिसच्या माणसानं केळं खायचं नसतं, त्यात ते पोटॅशियम ठासून भरलेलं. हे मला आमच्याच मेसेजमुळे पाठ होतं.

"कोण गं तू?" काका शांतपणे म्हणाले. "घरात शिरून म्हाताऱ्याच्या तोंडचं काढतेस?"

"तुम्हाला मेसेज येतात ना, त्या कंपनीतली. काका, चला. सेंटर चालू आहे. मेसेज चुकून गेला."

"आज सुट्टी आहे."

"नाहीये."

"लेखी आहे माझ्याकडे." त्यांनी बंद फोनवर टिचकी मारली. "मी शिस्तीचा माणूस. येऊ नका म्हटलं, मी गेलो नाही."

"गेल्या खेपेला तर 'या' म्हटलं होतं!"

"तेव्हा मूड नव्हता."

मला खरं सांगायचं तर त्यांना खांद्यावर टाकून न्यावंसं वाटलं. "काका, तुमच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर तुझा मेसेज खरा होईल. मी परवाच येईन, आडवा." ते हसले आणि बाही फिरवून शिलाई सुरू केली. मग एकाएकी मशीन थांबवलं. त्यांनी मान वर केली तेव्हा हसू गेलं होतं.

"तुला ठाऊक आहे, मेसेज वाचून मला किती बरं वाटलं? एक दिवस. पोटात ढवळणं नाही, हात बांधून पडणं नाही. मी शर्टाला इस्त्री केली. हा कोट किती दिवस झाले पडलाय, तो काढला. आणि आता तू येऊन सांगतेस, चुकून गेला. माणसाला एक दिवस देता आणि दारात येऊन परत मागता? लाज नाही वाटत?"

मी तशीच केळं धरून उभी राहिले.

"कसा काय चुकला?" ते म्हणाले. "ते सांग. आणि तांत्रिक कारण म्हणशील तर आल्या पावली चालती हो. बायको गेली तेव्हा दवाखान्यात तोच शब्द ऐकवला होता मला."

मी त्यांच्या कापायच्या टेबलाशी गेले. तिथं खडू पडला होता.

"काका, कापायच्या आधी तुम्ही कापडावर खडूनं माप लिहिता?"

"मग काय दातानं लिहू?"

"धरा, खडूनं लिहिलंय छाती छत्तीस. आणि शिवणारा दुसरा माणूस आहे. तो खडूकडे बघतच नाही. तो मान वर करून भिंतीवरच्या पाटीवर जे माप असेल ते घेतो. रोज पाटीवरही छत्तीसच असतं, म्हणून कोणाला काही कळत नाही. आज सकाळी एकानं पाटीवर चाळीस लिहिलं, आपलं काम उरकलं, आणि पाटी न पुसता निघून गेला. मग मी आले. मला विचारलं, छत्तीस, शिवू का? मी खडूचं वाचून हो म्हटलं. शिवणाऱ्यानं चाळीस शिवलं."

काका ऐकत होते. कपाळावरची शीर फुगायला लागली.

"एकाच कोटाची मापं दोन जागी कशाला लिहिली?"

"हेच मी विचारलं."

"आणि गिऱ्हाइकाला विचारताना जे माप शिवलं जाणार ते नाही विचारायचं, भलतंच विचारायचं? हा कुठल्या गाढवाचा कारखाना?"

"माझ्या दिराचा."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, शिवायला सांगण्याआधी पाटी बघायची असते. बेसिक आहे."

"बेसिक?" काका उठले. उठताना टेबल धरावं लागलं, तरी उठले. "स्वतः पाटी घाण करून वर तुला बेसिक? माझ्या हाताखाली असता तर कान धरून दुकानाबाहेर काढला असता. कुठंय तो?"

मी क्षणभरच विचार केला. "सेंटरवर. माफी मागायला आलाय."

"माफी! चल. त्याला दाखवतो माझी माफी. माझा बूट बघ तिकडे."

त्यांना जिन्यावरून उतरवताना मी एका हातानं त्यांचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हातानं फोन.

"भावजी, सेंटरवर या. आत्ता."

"वहिनी, फाईलचं होतच आलंय, तेवढं..."

"फाईल तिथंच मरू दे. तुम्हाला शिव्या खायला बोलावलंय. तुम्ही आला नाहीत तर हा माणूस मशीनवर चढणार नाही, आणि मग कोणत्या व्हेरिएबलमुळे ते मी सगळ्यांना समजावत बसेन. अगदी गोड आवाजात."

टॅक्सीभर काका भावजींचा उद्धार करत होते. मीही अधूनमधून भर घातली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मात्र वळणावर त्यांनी माझा हात घट्ट पकडला, आणि त्यांची बोटं गार लागली, तेव्हा मी भावजींना सोडलं आणि टॅक्सीवाल्यावर ओरडले.

सेंटरमध्ये खाटा भरल्या होत्या. एक मशीन सिस्टरांनी अडवून ठेवलं होतं. काका खाटेवर बसले, पण पाय खाली सोडून.

"तो कुठंय?"

"येतोय," मी म्हटलं.

"तू म्हणालीस आलाय. तो येईपर्यंत सुई नाही."

"काका, आडवे व्हा," सिस्टर म्हणाल्या.

"नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढची सुई माझ्याच दंडात जाईल असं वाटलं. त्यांनी काकांच्या छातीला वायर लावल्या. शेजारच्या पडद्यावर रेघ उमटली. सिस्टरांनी ती पाहिली आणि डॉक्टरांना हाक मारली. हाक हळूच होती. म्हणून मी जास्त घाबरले.

दार ढकलून भावजी आले. केस विस्कटलेले, गळ्यात ऑफिसची चावी तशीच. त्यांनी सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला.

"सर, काही तांत्रिक..."

"ए!" काका गरजले. त्या अंगातून एवढा आवाज निघेल असं कोणाला वाटलं नसतं. शेजारच्या खाटेवरच्या आजी झोपेतून उठल्या. "तो शब्द टाक बाहेर आणि मग आत ये. काय झालं ते सांग."

"म्हणजे, एन्व्हायर्न्मेंट सेट राहिली होती आणि..."

"आपोआप राहिली? वाऱ्यानं?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ते शाळेत होते. काच फुटली की असेच माझ्याकडे बघायचे, आणि मी सासूबाईंना सांगायचे, माझाच धक्का लागला. मी त्या पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिले.

"मी बसलो होतो वहिनींच्या मशीनवर," भावजी म्हणाले. "मी बदललं. परत ठेवायला विसरलो. आणि विचारतं एक, पाठवतं दुसरं, ही फाईलही मीच लिहिली. घरी मात्र फोन करून सांगितलं, वहिनींकडून झालं."

हे शेवटचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"अस्सं," काका म्हणाले. त्यांनी बाही वर सारली आणि सिस्टरांपुढे दंड केला. "टोच. आणि तू बस इथं. स्टूल घे. मी काही संपवलेलं नाही."

रक्त नळीतून निघालं, मशीन फिरायला लागलं. काकांनी मग भावजींना नीट धरलं. दोन जागी माप लिहिणारा माणूस शिंपी नसतो, तो चोर असतो. गिऱ्हाइकाला दाखवायचं कापड आणि कापायचं कापड एकच असलं पाहिजे. पाटी वापरली की पुसायची, आईनं शिकवलं नाही का? भावजी 'हो काका', 'नाही काका' करत होते. मधे एकदा त्यांनी खुलासा करायचा प्रयत्न केला, की आता टेम्प्लेटचं व्हेरिएबल काढून टाकलंय, जे ठिकाण प्रोग्राम वापरणार तेच पडद्यावर दाखवतोय. काका म्हणाले, "हे तुला सकाळी सुचलं असतं तर मी केळं संपवलं असतं." मला त्याचा अर्थ लागला नाही, पण भावजींनी मान हलवली.

डॉक्टर येऊन रेघ बघून गेले. "वेळेत आणलंत," म्हणाले. कोणी आणलं ते विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सिस्टर माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "उद्या दोघांनी येऊन लेखी द्यायचं. आणि तुमच्या चाचणीत माझं नाव, माझा प्लांट, काही नको." मी म्हटलं, नको. त्यांचा राग गेलेला नव्हता. माझाही नव्हता. डोक्यात अजून 'बेसिक' वाजत होतं.

काकांचा आवाज हळूहळू जड झाला. कोट, काजं, अस्तर असं काहीबाही पुटपुटत, "आणि दुसरं म्हणजे..." इथवर आले आणि त्यांना झोप लागली. पडद्यावरची रेघ सकाळच्या झाडलोटीसारखी एका लयीत चालली होती.

भावजींनी स्टूलवरून माझ्याकडे पाहिलं. भुवया वर करून, आवाज न करता विचारलं, उठू का?

मी खुर्ची ओढली, त्यांच्या समोरच बसले, आणि म्हटलं, "दुसरं ऐकायचं राहिलंय ना? बसा."